शून्याच्या मिनिटाची फुलं

उकळत्या पातेल्याकडे पाठ फिरवणाऱ्या समाजाचा ऱ्हास अटळ असतो. म्हणूनच आमच्या या डॅनिश बेटावर घरगुती बिअर मंडळ आहे आणि मी त्याचा चिटणीस आहे.

बिअरला कडवटपणा येतो तो हॉपच्या फुलांनी. ती उकळीत कधी टाकायची, एवढ्यावरच मंडळाचं कामकाज चालतं. (बाकी सगळं ‘आयत्या वेळच्या विषयां’त जातं. गेल्या वर्षी त्यात दोन घटस्फोट होते.) आमच्याकडे मिनिटं उकळीच्या शेवटाकडून मोजतात. साठची फुलं सर्वांत आधी, कडूपणासाठी. पंधराची नंतर, चवीसाठी. शून्याची आच बंद करताना, वासासाठी. एका नव्या सभासदाने मिनिटं सरळ मोजली आणि सगळा बट्ट्याबोळ केला. आम्ही उदार माणसं. त्याला काढलं नाही, खजिनदार केलं.

आमचे अध्यक्ष एव्हाल्ड यांनी आयुष्यात एकही फूल उशिरा टाकलेलं नाही. त्यांची एकुलती एक लेक थीरा कायमची न्यूझीलंडला निघाली, त्या दिवशीही गॅरेजात उकळी चालू होती. शेवटी मंडळाची बिअर-स्पर्धा काय, वर्षातून एकदाच येते.

थीरा बॅग घेऊन दारात आली.

“बाबा, धक्क्यावर येताय ना? बोट सुटेल.”

“अगं, शून्याची पडायचीत अजून. थांब की जरा.”

“बोट थांबणारे का?”

“मग उकळी थांबते का?”

(उत्तर तांत्रिकदृष्ट्या बिनचूक होतं. पुढच्या सभेत त्याला टाळ्या पडल्या.)

“बाबा, निदान वळून तरी बघा!”

एव्हाल्ड यांची नजर घड्याळावर. त्यांनी नुसता डावा हात मागे केला. थीराने तो दोन्ही हातांत घट्ट धरला, मग सोडला आणि गेली. मी तिथेच होतो. मला भडभडून आलं, पण नियम चार सांगतो की उकळीपाशी रडू नये, पातेलं उतू जातं.

थोड्या वेळाने धक्क्यावरून बोटीचा भोंगा ऐकू आला. एव्हाल्ड यांची नजर घड्याळावरून दाराकडे गेली. फुलांची पुरचुंडी मुठीतच, आणि घड्याळ शून्यावर.

ही हकीकत इथवर सांगितली, की ऐकणारा हटकून विचारतो, “मग? पडली का फुलं वेळेवर?” तुमच्याही मनात तेच आलं ना? पडली हो, पडली. पोरगी सुखरूप पोचली का, हे मात्र मला आजवर कुणी विचारलेलं नाही.