अर्जदाराची मान

संस्था कण्यावर उभी राहते, असं लोक म्हणतात. आमचा अनुभव असा, की ती मानेवर चालते.

आमच्या पाणीपट्टी कार्यालयात सर्वांनी मान डोलावली तरच ठराव मंजूर होतो. पूर्वी हात वर करायची पद्धत होती. पण सभेत सगळ्यांचे हात चहा-बिस्किटांत गुंतलेले असतात, म्हणून ती दूरदृष्टीने बंद करण्यात आली. तोंडी होकार चालत नाही. (तोंड मागाहून फिरवता येतं. मान बिचारी प्रामाणिक.)

या सुदृढ व्यवस्थेला धोका निर्माण झाला तो हिशेबाच्या बाईंकडून. बाईंना जुनी अर्धशिशी. महिन्यातले निम्मे दिवस डोकं ठणकतं आणि त्याच्या साथीला मान आखडते. कुणी हाक मारली की बाई कपाट सरकवावं तशा सबंध वळतात. हनुवटी छातीकडे नेली की डोळ्यांपुढे काजवे. त्यांचा अर्ज साधा होता: माझ्या टेबलाच्या वर छताला लुकलुकणारा दिवा आहे, तो काढा, नाहीतर मला नोकरी सोडावी लागेल.

अर्ज सभेपुढे आला. सगळ्यांनी भराभर माना डोलावल्या. बाईंची मान तसूभर हलली नाही.

"अर्जदाराचाच विरोध आहे," साहेबांनी खेदाने जाहीर केलं.

"अहो साहेब, हो म्हणतेय ना मी!"

"तुमची मान काय म्हणतेय ते बघा, बाई."

लगेच मान तपासणी समिती नेमली. त्यात आवक-जावक कारकून, शिपाई आणि साहेबांचे मेहुणे. (तिघांनाही स्वतःची मान होती, एवढी पात्रता पुरेशी ठरली.) समितीला आढळलं, की बाईंची मान उजवीकडे घड्याळापर्यंत जाते, डावीकडे कॅलेंडरपर्यंत, खाली नेल्यास फक्त "आई गं!" असा आवाज येतो. कारकून म्हणाले, उशी बदला. शिपाई म्हणाला, उशीच काढून टाका. मेहुणे म्हणाले, मनावर घेऊ नका. बाईंना व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिली होती, की अर्धशिशीत पुष्कळांची मान अशी अडकते, हे सोंग नव्हे. पण चिठ्ठीला मान नसल्यामुळे ती मतदानात धरता आली नाही.

पुढच्या सभेत बाईंनी शक्कल लढवली. मान जागच्या जागी ठेवून त्या कमरेतून वाकल्या, थेट टेबलापर्यंत. एवढा खोल होकार साहेबांना जन्मात मिळाला नव्हता. त्यांचे डोळे पाणावले. दिवा काढायला मंजुरी मिळाली आणि त्याच दमात नवा नियमही झाला: यापुढे होकार कमरेतूनच द्यावा.

तेव्हापासून कामकाज जोरात आहे. माना शाबूत, कंबरा तेवढ्या गेल्या. वायरमनचीही गेली, त्यामुळे शिडी चढायला कुणी नाही आणि दिवा आहे तिथेच लुकलुकतोय. बाई डोळ्यांवर ओला रुमाल धरून राजीनामा लिहिताहेत.

मला त्यांचं खरंच फार वाईट वाटतं. मी तसं त्यांना रोज सांगतो, वाकून. दिव्याचं बटण तसं माझ्या हाताशीच आहे. पण त्याच बटणावर माझाही दिवा आहे, आणि मला वाचायला उजेड लागतो.

हसू नका. तुमच्याही घरात कुणीतरी डोकं धरून पडलंय. मघाशी "दिवा घालव ना" म्हणालं, तर तुम्ही म्हणालात, "एवढं वाचून होऊ दे."

झालं वाचून.