उघडी राहिलेली डिस्क

कोल्हारच्या समस्त ग्रामस्थांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमचे शेजारी भाऊसाहेब डिस्क मारत, म्हणजे कोऱ्या डिस्कवर शूटिंग उतरवत असताना त्यांच्या घरात शिंकणे, खोकणे आणि मिक्सर लावणे यांस सक्त मनाई आहे. त्यांचे सख्खे व्याही एकदा ऐन वेळी शिंकले, तर चहाचा कप हातात घेऊन त्यांना अंगणात जावं लागलं.

भाऊसाहेब लग्नांचे शूटिंगवाले. आता लोक मांडवावर ड्रोन उडवतात आणि लग्न मोबाईलवर बघतात, पण भाऊसाहेब डीव्हीडीवर ठाम. कोऱ्या डीव्हीडी दोन जातींच्या येतात, 'प्लस आर' आणि 'मायनस आर'; म्हणून त्यांच्या मते जगातही दोनच पक्ष, प्लसवाले आणि मायनसवाले. कोऱ्या डिस्कवर यातली कुठली खूण आहे, ते चष्मा पुसून बघितल्याशिवाय ते डिस्कला हात लावत नाहीत.

"आपन मायनसवाले," ते छातीवर हात ठेवून सांगतात. "जुन्यातला जुना प्लेअरबी मायनसला न्हाई म्हनत न्हाई."

पुसून पुन्हा वापरायची डिस्क कुणी मागितली, तर संपलंच. "लगीन हाय का शाळंची पाटी? याचं पुसून त्यात कुनाचं लावू?"

मध्यंतरी त्यांचं डिस्क मारायचं यंत्र, म्हणजे डीव्हीडी रायटर, कायमचं बंद पडलं. एवढ्यानं हा माणूस जेवेनासा का झाला, ते मला कळेना. शेवटी त्यांनी कपाटातून एक डिस्क काढून पुढं धरली.

"मास्तर, ही उघडी हाय."

डिस्कवर मजकूर भरून झाला की शेवटी ती बंद करावी लागते. मग ती कुठल्याही प्लेअरवर चालते. उघडी राहिली, तर प्लेअर तिला ओळखही दाखवत नाही. वाचलीच, तर एखादा रायटर वाचतो. गिऱ्हाइकांच्या सगळ्या डिस्का भाऊसाहेबांनी वेळच्या वेळी बंद केल्या होत्या. ही एकच राहिली होती.

"नवा कॅमेरा घरी तपासत हुतो, तवा आमची मंडळी त्यात आली. म्हनलं, जागा लई हाय, अजून भरू, मंग बंद करू."

वहिनींना जाऊन बरीच वर्षं झाली. जन्मभर दुसऱ्यांच्या घरच्या नवऱ्या टिपणाऱ्या या माणसाकडे स्वतःच्या बायकोचं बोलतं चित्र तेवढंच होतं.

नवा रायटर घ्यायला आम्ही नगरला गेलो.

"काका, हे आता कोण घेतं?" दुकानदार हसला.

"मी घेतो. ह्यो प्लस वाचतो का मायनस?"

"दोन्ही."

"दोन्हीकडून बोलनारा मला नको."

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"काका, आता सगळे दोन्ही वाचतात."

"उघडी डिस्क?"

"खराब झाली नसेल तर वाचेल."

"आन् झाली आसंल तर?"

दुकानदारानं हसू आवरून खोकं पुढं सरकवलं. परतीच्या एसटीत भाऊसाहेब रायटरचं खोकं मांडीवर घेऊन बसले. राहुरी मागे पडली तरी त्यांनी त्यावरचा हात काढला नाही.

भाऊसाहेबांच्या घरी आल्यावर माझ्या लॅपटॉपला रायटर जोडला. उजेडात धरली तेव्हा डिस्कच्या कडेला ढगाळ डाग दिसला. दोघांनाही दिसला. ती आत गेली. घरघर सुरू झाली. थांबली. पुन्हा सुरू झाली.

"नाही वाचली तर?" मी हळूच विचारलं.

"तर तुमी घरी जायचं. मी बसतो हितंच."

घरघर पुन्हा थांबली. भाऊसाहेबांनी टेबलाची कड घट्ट धरली. मला रायटरवर थाप मारावीशी वाटत होती, पण हात उचलायची हिंमत होईना.

आणि पडद्यावर काहीतरी हललं. आधी तिरकी भिंत, मग स्वयंपाकघराचं दार. दारात वहिनी, हाताला पीठ, पदर खोचलेला. त्यांनी सरळ आमच्याकडे बघत डोळे वटारले.

"ठिवा त्यो कॅमेऱ्याचा डबा खाली! भाकरी निवायला लागली. येताय का न्हाई जेवाया?"

भाऊसाहेब ताडकन उठले. खुर्ची मागे पडली.

"आलो गं, आलो! तू घे वाढून!"