सहा स्कॉच आणि एक कोपर

माझ्या नाकाला फसवील अशी बाटली अजून कुणी भरलेली नाही, असं मी गेली सहा वर्षं सांगत आलोय. आणि छापून सांगतोय, नुसतं तोंडाने नाही. साप्ताहिकात माझं सदर आहे, 'निर्भीड घोट'. पान एकोणीस, खाली उजवीकडे. स्कॉच व्हिस्की चाखायची आणि खरं ते लिहायचं. बाकी आठवडाभर मी त्याच साप्ताहिकाच्या छापखान्यात कागदाची रिमं उचलतो. तिथे मला 'ए, जरा ते उचल' म्हणतात. पान एकोणीसवर माझं नाव ठळक टायपात येतं. त्या चौकटीसाठी मी काय काय करीन ते मला माहीत नव्हतं. आता कळलं.

मी कोर्स वगैरे केलेला नाही. कोर्सवाले माझ्या चांगले ओळखीचे आहेत. पेला नाकाशी धरतात, डोळे मिटतात आणि लिहितात, 'बालपणीच्या एखाद्या दुपारची हुरहूर'. अरे, दुपार कधी बाटलीत भरतात का? वास कशाचा येतो ते सांग आणि मोकळा हो! मी लिहितो, 'ओलं लाकूड, थोडा मध, घशाला चरका. उगाच बोलबाला.' संपला विषय.

माझी पद्धत कडक आहे. रविवारी सकाळी, चहाच्याही आधी चाखायचं, कारण तेव्हा जीभ कोरी असते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर सहा पेले मांडायचे. घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा आणि थुंकायचा. लोकांना वाटतं हा मजा मारतो. अहो, सहा वर्षांत खरी मजा मारली ती आमच्या बेसिनने! आणि दर पेल्याआधी स्वतःचं कोपर हुंगायचं. हसू नका, भलेभले परीक्षक हुंगतात. कोपराच्या आतल्या घडीला आपला, ओळखीचा वास असतो. तो घेतला की नाक फळ्यासारखं पुसलं जातं. शिवाय शनिवारपासून घरात वासबंदी. तळण नाही, पावडर नाही, साबणसुद्धा बिनवासाचा. बायको या सगळ्याला इतकी विटलीय की आता भांडतही नाही. नुसती बघते.

तर गेल्या पंधरवड्यात एका आयातदाराकडून सहा बाटल्या आल्या. स्कॉचमध्ये एक धुरकट जात असते, तिला औषधाच्या कपाटासारखा वास येतो आणि तो यायलाच हवा. या सहा त्या जातीच्या नव्हत्या. सौम्य, फळांच्या वासाच्या, असं सोबतच्या पत्रात लिहिलं होतं. मी कोपर हुंगलं, पहिला पेला उचलला. औषध. दुसरा. औषध, वर कापूर. तिसऱ्याने डोळ्यांत पाणी आणलं. सहावा संपेपर्यंत माझी खात्री झाली की कुणीतरी दवाखान्याची टाकी विसळून बाटल्या भरल्यात. मला राग लवकर येतो आणि शब्द त्याहून लवकर. लिहून टाकलं, 'सहाच्या सहा भेसळीच्या. पिऊ नका, गुडघ्यांना चोळा.'

छापून आलं बुधवारी. दुपारीच संपादकबाईंनी वर बोलावलं. बाई कधी आवाज चढवत नाहीत, चष्मा काढतात. त्यांनी चष्मा काढला. शेवटच्या पानावरची रंगीत जाहिरात याच आयातदाराची असते, हे मला तेव्हा कळलं. तो माणूस भांडायला आलाच नव्हता. त्याचं म्हणणं एवढंच, की सोमवारी नव्या सीलबंद बाटल्या आणतो, सगळ्यांसमोर पुन्हा चाखा.

"औषध निघालं तर त्याची जाहिरात मी स्वतः बंद करीन," बाई म्हणाल्या. "नाही निघालं तर पान एकोणीसवर शब्दकोडं."

शब्दकोडं! माझ्या जागी आडवे-उभे चौकोन!

सोमवारी बाईंच्या खोलीत टेबलाभोवती आम्ही चौघं. बाई, मी, आयातदार आणि साक्षीला मुद्रितशोधक. आयातदार झोप न झाल्यासारखा दिसणारा, अगदी सभ्य माणूस. सहा पेले भरले. मी बाही सरकवली, कोपर हुंगलं, पहिला पेला नाकाशी नेला आणि जाहीर केलं, औषध. बाईंनी तोच पेला हुंगला, त्यांना सफरचंद आलं. मुद्रितशोधकालाही सफरचंदच आलं. मी म्हटलं, तुमची नाकं विकली गेलीत. पुन्हा कोपर, दुसरा पेला. औषध. आयातदार आता पेल्यांकडे बघतच नव्हता, माझ्याकडे बघत होता.

"साहेब, तुमचं कोपर जरा इकडे करता?"

"कशाला?"

"हुंगतो."

त्याने वाकून हुंगलं आणि तो बाजूला झाला. मग बाई वाकल्या. मग मुद्रितशोधक. सहा वर्षं मी जगाचे वास काढले. त्या दिवशी ऑफिसने रांग लावून माझा काढला.

"कापूर," मुद्रितशोधक म्हणाला. "आणि निलगिरी. मलम आहे हे."

बाईंनी माझ्या घरी फोन लावला, स्पीकरवर. बायकोने जराही न गडबडता सांगितलं, "रिमं उचलून कोपर दुखतं यांचं. झोपेत कण्हतात. घरात मलमाला कायमची बंदी, मग मी काय करणार? हे घोरायला लागले की चोळते. दहा-बारा दिवस झाले. कोपर दुखायचं थांबलंय, हे त्यांच्या लक्षात तरी आलं का?"

आलं होतं. मला वाटलं, आपली तब्येतच मुळात दणकट.

तुम्ही म्हणाल, स्वतःच्या कोपराचा वास कळला कसा नाही? अहो, कोपर हुंगायचं ते विसरायला. त्याच्याकडे लक्ष कोण देतं?

बाईंनी मला आणखी एक संधी दिली. कोपर तीनदा धुतलं, तरी वास जाईना. शेवटी मुद्रितशोधकाला बाही वर करायला लावली आणि मी त्याचं कोपर उसनं घेतलं. तो बिचारा भिंतीकडे बघत उभा राहिला. पहिला पेला खरंच सफरचंदाचा. दुसऱ्यात मध. तिसरा, चौथा, दोन्ही सुरेख. मी मान खाली घालून कबूल करत गेलो, मुद्रितशोधक मोकळ्या हाताने लिहीत गेला.

पाचवा पेला उचलला आणि थबकलो. बुरशी. ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास. गोदामात पाणी शिरलं की भिजलेल्या रिमांना येतो तो. हा वास मी बेशुद्धीतही ओळखीन. अजून कुणी या पेल्याला हात लावलेला नव्हता. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. आत्ताच एवढी शोभा झालेली, त्यात पुन्हा म्हणू, ही खराब आहे? डोळ्यांसमोर आडवे-उभे चौकोन नाचायला लागले.

मी डोळे मिटले. "जुन्या ग्रंथालयातली एखादी निवांत दुपार," मी म्हणालो. "शंभरपैकी नव्वद."

आयातदार खूश झाला. त्याने तो पेला स्वतः उचलला, हुंगला आणि त्याचा चेहरा वाकडा झाला. बाटलीचं बूच काढून बोटाने दाबलं, तर त्याचा भुगा पडला. सडलं होतं. त्याने सगळ्यांची माफी मागितली, हजारात एखादी बाटली अशी निघते म्हणाला. मग माझ्याकडे वळून खरोखर काळजीने विचारलं, "साहेब, तुम्हाला वास आला नाही?"

बाईंनी चष्मा काढला.

आला म्हणावं, तर कसला निर्भीड? नाही म्हणावं, तर कसलं नाक? दोन्हीकडे शब्दकोडंच. मी रुमाल काढला.

"सर्दी झालीय," मी म्हणालो.

बाईंनी चष्मा परत घातला. मग म्हणाल्या, "असं असेल तर आजचं काहीच धरता येणार नाही. शनिवारी मी घरी येते भेटायला. सर्दी असली तर सदर चालू."

आज गुरुवार. तीन दिवस गार पाण्याने आंघोळ करतोय. ओल्या केसांनी पंख्याखाली बसतोय. बाइंडिंगमधला एकजण सारखा शिंकतो, जेवायला त्याच्या मांडीला मांडी लावून बसतोय. काही उपयोग नाही. नाक इतकं साफ आयुष्यात कधी नव्हतं.