वनरत्न हत्तीसायेब आन धरणाचं दार

एका जंगलात, पोरांनो, समदा कारभार कंप्युटरवर गेला व्हता. आता जंगलात कंप्युटर कुठनं आला, आसं इचारू नगा. गप ऐका.

शिवेला नदी, नदीवर धरण. धरणाचं दार आदी खुंटीनं आवळलेलं आसायचं. सिंव्हराजानं खुंटी उपटली आन कंप्युटर बसवला. परवलीचा शब्द टाकला की दार उघडायचं. तिथं सायेब नेमला हत्ती, आन पहाऱ्याला हैबती रानडुक्कर. हैबती डोस्क्यानं तापट, पन कामाला चोख. धरणाखालच्या घळीतच त्याची नऊ पिल्लं ऱ्हायची. त्याला दाराचा घोर.

एक दिस हत्तीच्या मोबाइलवर नदीपल्याडनं निरोप आला. 'अखिल विश्व वनरत्न पुरस्कारासाठी आपली निवड झाली आहे. शाल, श्रीफळ, मानपत्र. कामाच्या खुर्चीवर बसलेला फोटो पाठवावा.'

हत्तीला आनखी फुगाय जागा नव्हती, तरी फुगला. फेटा बांधून खुर्चीत बसला.

"हैबत्या, काढ फोटो."

"सायेब, मागं भिंतीवर परवलीचा शब्द लिव्हलाय. आदी पुसा."

"पुसला तर मला आठवंल कसा?"

"मग खुर्ची तरी फिरवा!"

"फिरवली तर मागं शेनाच्या थापलेल्या शेनी दिसत्यात. मानपत्रावर शेनी? माजा सत्कार बघवंना, आसं म्हन की!"

"सत्कार गेला खड्ड्यात! पल्याड लांडगं हायती. माजी लेकरं दाराखाली निजत्यात!"

"चल हो बाजूला."

माकडानं फोटो काढला. हत्तीनं तो धाडला. वर त्याचाच फ्लेक्स शिवेवर लावला, तोंड नदीकडं करून.

दुसऱ्या दिशी भर दुपारी दार आपसूक उघडलं. शब्द टाकला तर कंप्युटर घेईना. पल्याडच्यांनी तो बदलला व्हता. हैबतीनं दाराला धडका मारल्या. खुंटी आसती तर ठोकली आसती. मग त्यानं घळीत उडी टाकली.

नवांतली सात पिल्लं काठाला लागली.

पहाऱ्याच्या चौक्या वाहून गेल्या. पानी उतरलं, आन लांडगं पाय न भिजवता आत आलं. निम्मं जंगल गिळलं.

चौकशी बसली. अध्यक्ष हत्ती.

"परवलीचा शब्द कुनाला ठावा व्हता?"

"भिंतीवर व्हता, सायेब. पुसा म्हनून बोंबललो की मी!"

"म्हंजी तू वाचला व्हतास."

"वाचला म्हनून तर..."

"लिव्हून घ्या. वाचला व्हता."

हैबतीला जंगलाबाहीर हाकलला. सात पिल्लं मागनं चालली. हत्तीला पुरात धीर दिल्याबद्दल दुसरी शाल मिळाली. ती बी पल्याडनंच आली.

तात्पर्य: चोर परमुलखात आसतोय, त्यो घावत न्हाई. 'चोर आला' म्हनून वरडनारा हाताशी आसतोय, त्यालाच धरावं. आन पोरांनो, साळंत जावा, पन भिंतीवरचं वाचू नगा.