सुपुर्दनाम्यावर नवरा

पोलीस ठाण्यात लोक जप्त झालेली मोटरसायकल सोडवायला येतात. नवरा सोडवायलाही येतात, पण तो कोठडीत असतो म्हणून. आमच्या शेजारच्या क्वार्टरमधल्या पद्मावहिनी ड्युटीवरचा नवरा सोडवायला येत.

रोज दुपारी चारला. त्यांची स्कूटी फाटकाशी थांबली आणि भिंतीवरच्या घड्याळात चार वाजलेले नसले, तर आम्ही घड्याळ दुरुस्त करायचो.

मी त्या ठाण्यात मुद्देमालाचा हवालदार. म्हणजे जप्त वस्तू सांभाळायच्या आणि कोर्टाचा हुकूम आला, की मालकाची सही घेऊन सुपुर्दनाम्यावर परत द्यायच्या. वहिनींनी एक दिवस बाकावर बसून हे काम नीट पाहून घेतलं. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर अर्ज! ‘माझे पती हवालदार सुभाष इंगळे, उंची साडेपाच फूट, रंग सावळा, हे सकाळी आठपासून आपल्या ताब्यात आहेत. आठ तास झाले. तरी सुपुर्दनाम्यावर, नेले तशाच चालू स्थितीत परत मिळावेत.’

“वहिनी, हा अर्ज मले घेता येत नाही.”

“काऊन? त्या खटारा टमटमचा घेता, माह्या माणसाचा काऊन नाही?”

“टमटम जप्त आहे.”

“मंग हा काय मोकळा हाय?”

घ्या! याला उत्तर कोणत्या कायद्यात आहे, सांगा. वर टेबलावर हात आपटून, “पोच द्या!” पोच घेतल्याशिवाय ही बाई कोथिंबिरीची जुडीसुद्धा विकत घेत नसे.

आमची ड्युटी कागदावर आठ तासांची. पण धामणगाव बढ्याचा बाजार संपला की मिरवणूक, ती संपली की कोणाचा तरी दौरा. सुभाष पन्नाशी ओलांडलेला, शुगरवाला. घास हातात धरून झोपायचा. एकदा जळगाव जामोदचा बंदोबस्त करून येताना गाडीसकट कपाशीच्या वावरात शिरला. नशीब, लागलं नाही. वहिनी पोचल्या तेव्हा बुवा तिथंच घोरत होता. त्या दिवशी त्याच्या मोटरसायकलला कुलूप लागलं आणि वहिनी स्कूटी शिकल्या. शिकताना तीन कुंड्या फोडल्या. त्यातल्या दोन माझ्या.

ठाणेदार साहेबांनी त्यांना आत बोलावलं. “बाई, पोलिसाची नोकरी चोवीस तासांची असते.”

“मंग तीन माणसं ठेवा. तुम्ही एकच ठेवला.”

“ओव्हरटाइमचं वर लिहिलंय. मोबदला मिळेल.”

“त्या मोबदल्यानं मले दुसरा सुभाष भेटते काय, साहेब?” वहिनींचा आवाज तेव्हा पहिल्यांदा रडवेला झाला.

साहेबांनी बदलीचा धाक घातला. सुभाषनं घरी हातापाया पडून पाहिलं. दुसऱ्या दिवशी चारला वहिनी अर्जाच्या दोन प्रती घेऊन हजर. असं महिनाभर चाललं.

शेवटी साहेबांनीच हात टेकले. “इंगळेला चारला सोडा. पण त्याचे पुढचे तास कोण करणार?”

“मी करतो, साहेब,” मी म्हणालो. “माह्या घरी कोण वाट पाहून राह्यलं?”

बायको जाऊन चार वर्षं झाली होती, पोरगी नागपूरला सासरी. खरं सांगतो, त्या रिकाम्या क्वार्टरची मला भीतीच वाटायची. वहिनींना यातलं काही कळता कामा नये, अशी सुभाषला तंबी दिली.

मग सुभाष रोज चारला स्कूटीवर मागे बसून जायचा, नव्या नवरीसारखा अंग चोरून. तोंडावर तेज आलं गड्याच्या. इकडे मी टेबलावर पेंगायला लागलो. एका सुपुर्दनाम्यावर तर मालकाच्या जागी माझीच सही ठोकली. कागद म्हशीचा होता!

सुभाषला साप्ताहिक सुट्टी मिळाली, त्या दिवशीही चारला स्कूटी आलीच.

“विसरल्या काय, वहिनी? तुमचा माणूस घरी आहे.”

“माहीत हाय. घोरून राह्यला. पण सारं सांगतलं त्यानं मले.” डोळ्यांत पाणी, आवाजात नुसती आग. “त्याचे तास तुमच्या डोक्यावर टाकाले भांडली होती काय मी?”

अर्ज टेबलावर पडला. त्यात नाव माझं होतं. ‘तब्येत नादुरुस्त, चेहरा उतरलेला.’ अर्जदाराचं नातं: ‘शेजारीण. तरी घरी न्यायचा हक्क आहे.’

मी काही बोलायच्या आत त्या साहेबांच्या खोलीत शिरल्या. “दोघाईले आठ-आठ तास. तिसरा माणूस वरून मागवा. तो येईपर्यंत मी रोज येईन, कटाळणार नाही.”

बाहेर मी टोपी हातात घेऊन उभा होतो. चार वर्षांत मला कोणी ‘घरी चला’ म्हटलं नव्हतं. साहेबांचा होकार घेऊनच वहिनी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “चला भाऊजी, भाकरी टाकाची हाय.” मी लहान पोरासारखा त्यांच्या मागे निघालो.