तळमजला मिळणेबाबत

घरात माणूस ठेवायला विश्वास पुरतो. त्याला बाहेर काढायला मात्र पुरावा लागतो. ही कायद्याने केलेली मोठीच सोय आहे, कारण विश्वास कुणाकडेही असतो आणि पुरावा कुणाकडेच नसतो. त्यामुळे मालक आणि भाडेकरू वर्षानुवर्षं एकाच पातळीवर राहतात. यालाच समानता म्हणतात.

निवृत्त हेडक्लार्क या समानतेचे जुने भक्त. ऑफिसात त्यांना मागून ‘योग्यमार्गे’ म्हणत. चौतीस वर्षांत तीन सोबतपत्रांशिवाय एकही अर्ज त्यांनी पुढे सरकू दिला नव्हता (एकदा आगीचा बंब बोलावण्याचा अर्जही त्रुटींसह परत केला होता, आग पुढे आपणहून विझली). त्यांचं घर दुमजली. वर ते आणि त्यांची बायको, खाली भाड्याने एक घड्याळजी, एकटाच. मध्ये एकोणीस पायऱ्या.

बायको न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण जिना तुटला तो तुटलाच. दिवसभर खिडकीशी बसून राहायची. “सगळ्या जगाची टकलं तेवढी दिसतात मला,” ती एकदा म्हणाली. काहीही करून हिला तळमजला मिळवून द्यायचा, असं हेडक्लार्कांनी त्याच क्षणी ठरवलं.

“मग खाली जाऊन घड्याळवाल्या भावोजींना विचारून तरी बघा,” बायको म्हणाली. “माणूस चांगला आहे.”

“तोंडी विचारणं म्हणजे न विचारल्यासारखंच,” हेडक्लार्क म्हणाले, आणि चपला घालून वकीलबाईंकडे गेले.

वकीलबाईंनी समजावलं की मालकाला स्वतःचं घर हवं असणं ही गरज नव्हे, ती इच्छा. गरज ‘खरी व निकडीची’ असावी लागते आणि सिद्ध होईपर्यंत ती टिकवावी लागते (माणूस मध्येच वारला तर निकड संपली असं धरतात). हेडक्लार्कांना हे इतकं पटलं की त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं.

पहिली नोटीस रजिस्टर पोस्टाने गेली. वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर पोचायला तिला सहा दिवस लागले. घड्याळजी दुकानात असल्यामुळे ‘घर बंद’ असा शेरा घेऊन ती परत वर आली, आणि हेडक्लार्कांनी ती रीतसर सही करून स्वीकारली. असं तीनदा झालं. मग नोटीस दारावर चिकटवायचं ठरलं. डिंक हेडक्लार्कांकडे नव्हता. तो घड्याळजीने दिला. “साहेब, जरा डावीकडून वर घ्या, तिरकी दिसतेय,” असंही त्याने सांगितलं. नोटिशीत काय आहे यावर दोघंही बोलले नाहीत, कारण बाब आता न्यायप्रविष्ट होणार होती.

मग तीन वर्षं दोन महिने खटला चालला. हुकमापर्यंत तारखा एकेचाळीस. पैकी सतरा वेळा न्यायाधीश रजेवर, नऊ वेळा समोरचे वकील आजारी, सहा वेळा फाइल सापडेना, आणि पाच वेळा ती सापडली पण दुसऱ्याची होती. उरलेल्या चार तारखांना काम चाललं, असं म्हणतात. हेडक्लार्क त्यातल्या दोन वेळा चहाला गेले होते. बेचाळिसाव्या तारखेला हुकूम झाला: जिला जिना उतरता येत नाही, तिला समक्ष हजर करा.

कोर्ट तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टवर ‘तात्पुरती बंद’ अशी पाटी, तीही गंजलेली. बायकोला खुर्चीत बसवून पुढून हेडक्लार्कांनी उचललं आणि मागून घड्याळजीने, कारण दुसरं कुणी मिळेना. घरच्या एकोणीस पायऱ्या खाली, कोर्टाच्या बासष्ट वर. इतक्या दिवसांनी बाहेरची हवा लागल्यामुळे बायको हसत होती. न्यायाधीशांनी ते पाहिलं आणि लिहिलं: सदर महिला एकोणीस पायऱ्या उतरून, बासष्ट चढून, प्रसन्न मुद्रेने हजर राहिली, सबब गरज सिद्ध होत नाही.

मुद्दा बिनतोड होता. आपल्या टेबलावर हा अर्ज आला असता तर आपणही हाच शेरा मारला असता, हे हेडक्लार्कांना मान्य करावंच लागलं.

परतताना रिक्षात बायकोने विचारलं, “भावोजी, तुम्ही वर राहायला याल का? आम्ही खाली येतो.”

“येईन की, वहिनी. खालच्या अंधारात मला बारीक स्क्रू दिसत नाहीत. मीच विचारणार होतो, तेवढ्यात नोटीस आली. मग वकील म्हणाले, आता तोंड उघडायचं नाही.”

हेडक्लार्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. तीन वर्षं ती खिडकीशी बसून होती, आणि उत्तर एकोणीस पायऱ्यांखाली दिवा लावून बसलं होतं. आपल्याइतका गाढव माणूस आपणच, हे त्यांना स्वच्छ दिसलं. त्यांनी डोळे पुसले, घसा साफ केला आणि म्हणाले, “हे लेखी द्याल?”

वाटेत वकीलबाईंना विचारलं, तर त्यांनी थांबवलं. निकालानंतर आपसात घर बदलणं बरं दिसत नाही. आधी अपील, मग अपिलात तडजोड. तारीख आठ महिन्यांनंतरची. बायकोने हे ऐकलं आणि घरी पोचल्यावर ती तळमजल्यावरच घड्याळजीच्या खुर्चीत बसली ती उठलीच नाही. “मी आता वर येत नाही,” म्हणाली. परक्या बाईबरोबर एका घरात राहणं बरं नव्हे, म्हणून घड्याळजी अवजारं घेऊन वर राहायला गेला. हेडक्लार्कही वरच आहेत, कारण भाड्याने दिलेल्या जागेत मालकाने घुसणं बेकायदा. बायको मात्र त्या जागेची विनापरवाना कब्जेदार ठरते. तिला नोटीस गेली आहे. तिने पाकिटावरच ‘जेवायला खाली या’ असं लिहून ते परत पाठवलं. मजकूर लेखी असल्याने विचाराधीन आहे.

आता अपिलाला एक तटस्थ साक्षीदार लागतो: प्रकरण पहिल्यापासून ठाऊक असलेला, कुणाच्या नात्यातला नसलेला. वकीलबाईंनी तुमचं नाव दिलं आहे. बायको ‘विचारून तरी बघा’ म्हणाली तेव्हाच तुम्हाला कळलं होतं की तेवढ्याने काम होईल. तरी तुम्ही हूं की चूं न करता मजा बघत इथवर वाचत आलात (कायद्यात यालाच तटस्थ म्हणतात). समन्स निघालं आहे. तुम्ही घरी नसलात तर ते शेजाऱ्यांकडे देऊन ठेवायला सांगितलं आहे. त्यांच्याशी तुमचं बोलणं असेलच.