गंगाजलचं नाव

गुरुवारी सकाळी, आरंगच्या थोडं अलीकडे, शारदाबाई थर्मासचं झाकण उघडत असतानाच गाडीच्या डॅशबोर्डवरचा स्क्रीन उजळला आणि त्यातली बाई खणखणीत आवाजात म्हणाली, "गंगाजल कॉलिंग."

बाबारावांनी झटकन फोन कापला. एवढी चपळाई त्यांनी ब्रेक दाबतानाही कधी दाखवली नव्हती.

"कोन आहे?" शारदाबाईंनी विचारलं.

"मितान हो. खपरीचा."

"नाव काय त्याचं?"

"नाव नाही घेता येत."

खपरी हे आरंगच्या पुढचं खेडं; पण 'खपरीचा' मधल्या 'चा'वर जरा जास्तच जोर पडला होता. मितान म्हणजे मानलेला मित्र, एवढं शारदाबाईंना रायपुरात छत्तीस वर्षं काढल्यावर ठाऊक होतं. पण मितान असेल तर त्याला नाव असायला नको? त्यांच्या माहितीत नाव न घेण्याची पद्धत एकाच नात्यात होती. ते नातं बाबारावांचं त्यांच्याशी होतं आणि दुसऱ्या कोणाशी असायचं काही कारण नव्हतं.

बाबाराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी एक जुनी पांढरी गाडी घेतली. तेव्हापासून दर गुरुवारी दोघं रायपूरच्या बुढापाऱ्यातल्या घरून सकाळी निघत. कधी राजिम, कधी चंपारण, कधी नुसतंच पाटणकडे. बाबाराव चाळीसच्या वर जात नसत. मागचे हॉर्न वाजवत, शारदाबाई त्यांना हातानं पुढे जायची परवानगी देत. मग एखाद्या तळ्याकाठी सावली पाहून डबा उघडायचा, तिखट पुऱ्या आणि वांग्याची भाजी खायची आणि उन्हं उतरली की परतायचं. बोलणं फारसं नसे. पण बाजूची सीट शारदाबाईंची होती आणि त्या सीटवर त्यांचा मोठा जीव होता.

त्या दिवशी त्यांनी चहा एकट्यानंच प्यायला.

पुढच्या मंगळवारी बाबाराव आंघोळीला गेले तेव्हा फोन पलंगावर होता. दुसऱ्याचा फोन उघडणं शारदाबाईंना आवडत नसे, म्हणून त्यांनी फक्त एकच नंबर लावला.

"हव, कोन?" पलीकडून बाईचा आवाज आला. गोडही होता मेला.

"आप कौन?" शारदाबाईंनी विचारलं.

"मैं गंगाजल आंव."

"नाम क्या है?"

"नाँव नइ लेवन दाई, गंगाजल कहिथन," आईला म्हणावं तसं 'दाई' म्हणत ती बाई हसली आणि म्हणाली, "गंगाजल कब आहीं? माघ में तो हर बिरस्पत आवत रिहिन."

शारदाबाईंनी फोन ठेवला आणि पलंगावर बसल्या. माघात त्या नागपूरला होत्या, लेकीच्या, पूर्णिमाच्या, बाळंतपणाला. रोज संध्याकाळी फोन व्हायचा आणि रोज बाबाराव सांगायचे, "गाडी झाकून ठेवली आहे. तुह्याशिवाय कुठी जाऊ?" आणि हा माणूस दर बिरस्पतीला, म्हणजे गुरुवारीच, त्यांच्याच वारी, त्यांच्याच गाडीतून खपरीला जात होता. त्यांच्या सीटवर कोण बसलं होतं, हा विचार मनात आला आणि दुपारची आमटी खारट झाली.

"अवं, मीठ जास्त झालं," बाबाराव म्हणाले.

"खपरीले जाऊन खा मंग."

बाबारावांचा घास हातातच राहिला. "तुले कोनं सांगतलं?"

"या गुरुवारी तिथंच जाऊ. मलेई पाहू द्या तुमचं गंगाजल."

गुरुवारी शारदाबाई पोरीच्या लग्नातली जांभळी साडी नेसल्या. बाबाराव वाटेत तीनदा म्हणाले, "अवं, ऐक तर खरं," आणि तिन्ही वेळा त्यांनी खिडकीची काच खाली केली. बाहेरच्या वाऱ्यात बाबारावांचं पुढचं बोलणं उडून गेलं. पण त्या दिवशी गाडी पंचेचाळीसवर गेलेली मात्र त्यांच्या नजरेतून सुटली नाही. एवढी घाई कसली झाली होती त्यांना?

खपरीतलं घर शेणानं नीट सारवलेलं होतं. लोटाभर पाणी घेऊन एक बाई बाहेर आली. साठीची असेल, पण पाठीनं ताठ, आणि दात सगळे शाबूत. शारदाबाईंनी आधी दातच पाहिले, कारण स्वतःची कवळी त्यांना अलीकडेच लागली होती.

"आप ही गंगाजल?"

"हव."

"अवं, हे नाही! हे त्याची बायको," बाबाराव मध्ये पडले. "गंगाजल तो आहे. दोघायलेई तसंच म्हनतेत."

"तो कोन? नाव सांगा."

"तेच तर नाही सांगता येत! देवापुढे नारळ फोडला, एकामेकाले गंगाजल पाजलं. मंग जन्मभर नाव घेत नाहीत. नेमच आहे इथला."

शारदाबाई त्या बाईकडे वळल्या. "तो आप बताओ, नाम क्या है उनका?"

बाईनं पदर तोंडावर ओढला. "मोर घरवाला ए दाई. मैं कइसे लेहूँ?"

म्हणजे मित्र म्हणून यांना नाव घेता येईना आणि नवरा म्हणून तिला. हा माणूस खरंच आहे की दोघांनी मिळून रचलाय, असा शारदाबाईंना संशय येऊ लागला. बाईला बहुधा ते दिसलं. ती जरा विचार करून म्हणाली, "मंगल अऊ बिरस्पत के बीच में का परथे?"

"बुध."

बाईनं मान डोलावली आणि अजून थोडं पुढे चला, असा हात केला.

"बुध... बुधराम?"

"नइ."

"बुधारू?"

बाईनं लाजून तोंड फिरवलं. बाबारावांनी दोन्ही कान झाकले. आणि मागच्या दारातून, अंगावर पंचा, हातात विळा, मिशा कानापर्यंत गेलेला एक म्हातारा आपलं नाव ऐकून ओरडत आला, "हव, आवत हंव! कोन बलाथे?"

शारदाबाईंच्या जिवातला अर्धा घोर गेला. अर्धा तसाच राहिला.

मग खाटेवर बसवून त्यांना सगळं सांगण्यात आलं. माघात बाबारावांची गाडी बांधावरून घसरून चिखलात रुतली. बुधारूनं बैल जुंपून ती ओढून काढली. मग चहा झाला, जेवण झालं आणि दिवस मावळायच्या आत दोघं गंगाजल झाले.

"मले काहून नाही सांगतलं?"

"तुह्याशिवाय फिरलो म्हनून तू रागावली असती."

"मंग आता काय हसून राहिली का मी?" शारदाबाई म्हणाल्या. बाईची भानगड नव्हती हे ठीक, पण चार गुरुवार गेले ते गेलेच. त्यांनी त्या बाईला बाजूला घेतलं. "दिनभर क्या करते थे ये?"

"गोठियावत रिहिन." म्हणजे गप्पा मारत होते.

"ये? गप्पा?"

"हव. तोरेच गोठ. शारदा के हाथ के भाजी, शारदा के रिस, शारदा बिना गाड़ी बने नइ चलय. पूरा पारा जानथे तोला."

त्यांची भाजी, त्यांचा राग, सगळं या आळीला ठाऊक होतं. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. या माणसानं घरात 'अवं'च्या पलीकडे हाक मारली नव्हती. आणि इथे, या परक्या अंगणात, शारदा शारदा चाललं होतं! सुख वाटलं, आणि त्याच क्षणी या ताठ पाठीच्या बाईचा असा हेवा वाटला की जो मंगळवारीही वाटला नव्हता. त्यांचं नाव त्यांच्या नवऱ्याच्या तोंडून हिनं ऐकलं होतं, त्यांनी नाही.

परतताना शारदाबाई आपल्या नावाची वाट पाहत बसल्या. आरंग आलं, आरंग गेलं. मंदिर हसौदजवळ बाबारावांनी घसा साफ केला. शारदाबाई सावरून बसल्या.

"अवं," बाबाराव म्हणाले, "चहा उरला का?"

शारदाबाईंनी शांतपणे चहा ओतून दिला. रायपूरला दारात गाडी थांबली तेव्हा त्या म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी तुमी एकटेच जा खपरीले."

बाबाराव घाबरले. "काहून? अजून राग आहे?"

"राग कायचा? मी बाजूले असली का तुमच्या तोंडाले कुलूप. डबा करून देते, दिवसभर बसा अन् बोला पोटभर."

"अन् तू?"

"मी घरीच राहीन," शारदाबाई साडीचा पदर नीट करत म्हणाल्या. "गंगाजलबाईले सांगून ठेवलं आहे मी. तुमी बोलाले लागले का ते मले फोन लावून खाटेखाली ठेवनार आहे."